दरवानाचं दुसरं नाव

९ फेब्रुवारी, सोमवार

परत पाठवले! तिसऱ्यांदा! आता काय करावं या मुलीला? सकाळी पैसे गेले आणि जेवणाच्या सुट्टीत बघतो तर परत माझ्याच खात्यात येऊन बसलेत. वाटेत पाणीसुद्धा प्यायले नसतील बिचारे.

आणि वर मेसेज — "दादा, कितीदा सांगू? तुझ्या पैशावर मी शिकणार नाही."

तुझ्या पैशावर म्हणे! मग कुणाच्या? शेजाऱ्याच्या? सख्ख्या भावाचे पैसे चालत नाहीत, आणि झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर उभं राहून लोकांचे कागद उलटसुलट करायला मात्र चालतं. कम्प्युटरचं शेवटचं वर्ष राहिलंय. बारा हजार फी. महिनाअखेर शेवटची तारीख. नाही भरली तर ही बाई पहिल्या तारखेपासून झेरॉक्सच्या काउंटरवर. दुकानदाराला होकारसुद्धा देऊन आलीय!

फोन केला. पाच मिनिटं शांत बोलायचं असं ठरवून केला. पहिल्याच मिनिटाला तेच पालुपद — "तू तेव्हा गणिताचा पेपर कोरा दिलास. मुद्दाम. नापास झालास म्हणजे शाळा सुटेल आणि माझी फी निघेल म्हणून."

चार वर्षं हेच ऐकतोय. बाबांचं दुकान बसलं, घरात एकाचीच फी निघेल अशी वेळ आली, आणि त्याच वर्षी मी गणितात आडवा झालो. झालं! धाकटीनं दोन टोकं उचलली आणि गाठ मारली. मी म्हणतो, अगं, येत नव्हतं. ती म्हणते, "गल्लीतल्या पोरांची गणितं कोण सोडवून द्यायचं? गोळ्या-बिस्किटांवर?" मी म्हणतो, ती त्यांची होती, सोपी होती. माझी अवघड होती. ती म्हणते, "वर्ग एकच होता!"

मागून आई — "तुमचं झालं असेल तर मलाही दोन शब्द बोलू द्या." तर हिनं फोन ठेवूनच दिला. आईचे दोन शब्द राहिले ते राहिलेच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज लॉन्ड्रीत मला बढती मिळाली. पगार तोच, काम तेच, डोक्याला ताप जास्त.

झालं असं. मालकांनी शेजारची लॉन्ड्री विकत घेतली. मधली भिंत फोडली. तिकडच्या बायका आमच्यात आल्या, मशीनं तिथंच राहिली. आता आम्ही त्याला 'नवा हॉल' म्हणतो, जरी तो आमच्यापेक्षा म्हातारा असला तरी. तिकडे लेबलं छापायची दोन छोटी मशीनं आहेत. आपल्याकडे कुठलंही गाठोडं धुवायला आलं की ऑफिसातल्या कम्प्युटरवर नोंद होते आणि हॉलमध्ये लेबल छापून बाहेर येतं — कुणाचं, किती, कधी द्यायचं. लेबल नाही तर गाठोडं अनाथ. चादरी सगळ्या पांढऱ्या, कोण कुणाची ओळखणार?

आता आपल्या हॉलमधली मशीनं छापतात. नव्या हॉलमधली ढिम्म. वायर मी स्वतः भिंतीच्या भगदाडातून ओढली, दिवे लुकलुकतात, पण लेबल नाही.

मालकांनी कंपनीच्या इंजिनियरला बोलावलं. तो आला, मधल्या कम्प्युटरकडे बघून मान हलवली. मधला कम्प्युटर म्हणजे जिन्याखालच्या कपाटातला. त्याला आम्ही दरवान म्हणतो. ऑफिसच्या आणि बाहेरच्या जगाच्या मधे तो बसतो, सगळं येणंजाणं त्याच्या हातून. इंजिनियर म्हणाला, हा फार जुना, तिसरं कार्ड बसवायला जागा नाही, नवा घ्या. आणि त्याचे तीस हजार. बसवायचे वेगळे.

मालकांचा चेहरा इस्त्रीच्या रुळाखालून काढल्यासारखा झाला.

मग माझ्याकडे वळले — "भिरभिऱ्या, मागे तो बंद पडला होता तेव्हा तूच चालू केला होतास ना?"

मी फक्त धूळ फुंकली होती! पण तेव्हापासून इथे मी इंजिनियर. कॅल्क्युलेटरची बॅटरी संपली तरी मलाच हाक मारतात.

मालक म्हणाले — "सोमवारपासून मोठ्या हॉस्पिटलचं काम सुरू होतंय. त्याआधी नव्या हॉलमध्ये लेबल छापून दाखव. तीस वाचले तर अर्धे तुला."

पंधरा हजार! मी ढकलगाडी तिथेच सोडली. ती घसरत जाऊन मुकादमबाईंच्या पायावर. त्यांनी काय म्हटलं ते लिहीत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

या कामात मला काय कळतं? काही नाही. कुणाला कळतं? धाकटीला. धाकटीशी बोलणं आहे का? नाही.

बॉयलरच्या मागच्या बाजूला, जिथे वाळलेल्या टॉवेलांचे ढीग असतात, तिथे बसून जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. आधीच सांगून टाकलं, पैशाचा विषय काढणार नाही. कामाचं विचारतोय.

"विचार." आवाज फ्रिजमधून काढल्यासारखा.

सगळं सांगितलं. दरवान, भगदाड, दोन ढिम्म मशीनं. अर्ध्यावर आवाज वितळायला लागला. ही लहानपणापासून अशीच. कोडं घातलं की रुसवा विसरते. मला माहीत होतं, म्हणून तर कोड्यासारखं सांगितलं!

तिनं समजावलं ते असं. प्रत्येक मशीनला एक नंबर असतो, चार भागांचा. पहिले तीन भाग म्हणजे आडनाव, शेवटचा म्हणजे नाव. एका आडनावाची मशीनं आपसात थेट बोलतात. दुसऱ्या आडनावाच्या मशीनशी बोलायचं तर दरवानाच्या हातानं निरोप. आमच्या ऑफिसच्या मशीनांचं आडनाव संपतं एकवर. नव्या हॉलच्या मशीनांचं पाचवर. आणि दरवान पाचवाल्यांना ओळखतच नाही. त्याच्या लेखी ते गाव अस्तित्वातच नाही!

मी म्हटलं, मग त्या दोन मशीनांचं आडनाव बदलू.

"बदलता येतंय का बघ."

गेलो, बघितलं. पासवर्ड मागतात. पासवर्ड जुन्या मालकाला माहीत होता. जुना मालक लॉन्ड्री विकून मुलाकडे गेला, फोन उचलत नाही.

"मग दरवानाला तिसरं कार्ड."

जागा नाही, म्हटलं. इंजिनियरनं सांगितलंय.

ती हसली. "दादा, एका कार्डाला दोन नंबर देता येतात. आतल्या बाजूच्या कार्डाला पाचच्या घराण्यातलंही एक नाव देऊन टाक. त्याला उपनाव म्हणायचं. कार्ड तेच, माणूस तोच, हाका दोन."

हे मला लगेच पटलं. मला घरी एक म्हणतात, शाळेत दुसरं म्हणायचे, इथे भिरभिऱ्या म्हणतात. तिन्हीला मी ओ देतो. त्यासाठी मला तिसरं कार्ड नाही बसवावं लागलं!

शेवटी ती म्हणाली, "पटकन समजलं तुला."

कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही. दोन्हीही असेल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

छापलं! म्हणजे लेबल नाही छापलं. पण ऐका — कुणाला सांगतोय मी, वहीला — दरवानानं नव्या हॉलच्या मशीनला हाक मारली आणि मशीननं ओ दिली!

जिन्याखाली कपाटात अर्धं अंग आत घालून बसलो. फोन कानात, कीबोर्ड मांडीवर, वरून लोकांच्या चपला धाडधाड. धाकटी एकेक अक्षर सांगते आणि मी एका बोटानं दाबतो. कार्डाच्या नावापुढे दोन ठिपके द्यायचे होते. मी दिले, शेजारी शेजारी. मशीन रागावलं. पुन्हा दिले. पुन्हा रागावलं.

"अरे, एकावर एक! विसर्गासारखे!"

मग आधीच विसर्ग म्हणायचं ना! शाळा सोडली तरी विसर्ग विसरलेलो नाही.

मग नंबर. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, पाच, एक. मग तो लांबलचक आकडा, दोनशे पंचावन्न तीनदा आणि शून्य. मी विचारलं, हा कशाला? म्हणते, आडनाव कुठे संपतं आणि नाव कुठे सुरू होतं ते यावरून कळतं. पहिले तीन झाकलेले, म्हणजे आडनाव. चौथा मोकळा. मी म्हटलं, म्हणजे घराण्यात अडीचशेवर माणसं मावतील. म्हणाली, "दोनशे चोपन्न. दोन जागा राखीव असतात." मी म्हटलं, हो, दोनशे छपन्नातून दोन गेले.

तिनं पुढचं अक्षर सांगायचं सोडून विचारलं —

"दोनशे छपन्न तुला कुणी सांगितलं?"

जीभ चावली. म्हटलं, अंदाजे.

मग हाक मारायची कमांड दिली. ओळीमागून ओळ उत्तरं आली. मी कपाटातच ओरडलो आणि डोकं जिन्याला आपटलं. टेंगूळ आलंय. पंधरा हजारांचं टेंगूळ.

मालक ऑफिसात नव्हते, म्हणून लेबल छापून दाखवायचं उद्यावर ठेवलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलं! सगळं गेलं!

सकाळी मालकांना मोठ्या तोऱ्यात खुर्चीवर बसवलं. म्हटलं, द्या हुकूम. त्यांनी बटण दाबलं. नव्या हॉलमध्ये सन्नाटा. दरवानापाशी पळालो. पाचवाला नंबर नाहीच! जणू मी काल कपाटात बसून स्वप्न बघत होतो. टेंगूळ मात्र खरं.

उंदीर? उंदीर वायर खातात. नंबर खाणारा उंदीर अजून ऐकला नाही.

पुन्हा टाइप केलं. आता पाठ झालंय, विसर्गासकट. पण तोवर नव्या हॉलमध्ये गाठोड्यांचा डोंगर, लेबल छापून बघायलाही वेळ नाही. मुकादमबाई म्हणाल्या, "इंजिनियरसाहेब, हातानं लिही आता लेबलं." बसलो लिहीत. घाईत पूर्ण कोण लिहितं? मी प्रत्येकावर नुसतं 'हॉ' लिहीत गेलो आणि पुढे आकडा.

हॉटेलही 'हॉ'. आमचं जुनं, छोटं हॉस्पिटलही 'हॉ'.

दुपारी हॉटेलच्या मॅनेजरचा फोन. त्यांच्या खोल्यांमध्ये पाहुण्यांसाठी अंगावर घालायचे झगे ठेवतात. आज तिथे पाठीमागून उघडे, नाडीवाले, हिरवे झगे पोचले. एक पाहुणा तो घालून स्वागताच्या टेबलापर्यंत आला होता म्हणे. पुढून सभ्य.

मालक माझ्याकडे बघत राहिले. हसू येत होतं त्यांना, पण हसले नाहीत. "सोमवारी मोठं हॉस्पिटल आहे," एवढंच म्हणाले. "तिथे असं झालं तर काम जाईल. मग तुझे पंधरा विसर, नवा हॉलच बंद करावा लागेल."

नव्या हॉलमधल्या बायका ऐकत होत्या. रूळ फिरत राहिला. मला त्यांच्याकडे बघवेना.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज सकाळी पुन्हा गेलेलं. पाचचा नंबर गायब!

धाकटीला फोन. "रोज रात्री जातं? मग रात्री काय होतं तुमच्याकडे? वीज जाते का?"

वीज कधीच जात नाही, म्हटलं. आणि म्हणता म्हणता बॉयलरवाल्या काकांवर नजर गेली.

काका म्हणजे लॉन्ड्रीतलं सगळ्यात जुनं माणूस. पूर्वी कुणीतरी इस्त्रीचा रूळ चालू ठेवून घरी गेलं, आणि सकाळपर्यंत अर्धा हॉल काळा. तेव्हापासून संध्याकाळी सगळे गेले की काका स्वतः मुख्य खटका खाली ओढतात. सगळ्या लॉन्ड्रीचा. दिवे, पंखे, रूळ, दरवान — सगळे एका झटक्यात! मालकही अडवत नाहीत. आणि सकाळी काकाच वर करतात, जणू सूर्य तेच उगवतात.

मी म्हटलं, काका, दरवानाला तरी सोडा.

"का? झोपला तर मरतो का तो?"

मरत नाही. पण उठला की आदल्या दिवसाचं विसरतो.

"मग तो तुझ्यासारखाच आहे की," काका म्हणाले आणि बॉयलरची काच पुसायला लागले.

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. धाकटीला सांगितलं. ती खो खो हसली. मग म्हणाली, चूक काकांची नाही, तुझी. "तू त्याला तोंडी सांगितलंस, दादा. तोंडी सांगितलेलं झोपेतून उठल्यावर राहत नाही. फाइलमध्ये लिहून ठेव. उठला की आधी ती फाइल वाचतो तो."

लिहिलं. मग काकांच्या हातापाया पडून भर दुपारी एकदा खटका खाली-वर करायला लावला, परीक्षा म्हणून. सगळा हॉल अंधारला, बायका ओरडल्या, मुकादमबाईंनी माझं सगळं खानदान आठवलं. दिवे आले. पळत गेलो. पाचचा नंबर जागेवर!

उद्या रविवार, अर्धा दिवस काम आहे. उद्या मालकांना दाखवतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

नंबर जागेवर. लेबल नाही!!

मला रडावं की हसावं कळेना. दरवानापाशी बसून हाक मारली की मशीन ओ देतं. ऑफिसातून मारली की नाही देत. तेच मशीन! तीच वायर! मी ऑफिस ते नवा हॉल इतक्या वेळा पळालो की मुकादमबाई म्हणाल्या, "गाडीतरी ढकलत पळ, तेवढंच काम होईल."

दुपारी खोलीवर आलो. पलंगावर पाय वर करून धाकटीला फोन लावला. तिलाही लगेच सुचेना. दोघंही वैतागलो. मग गप्पाच मारत बसलो. किती दिवसांनी! तिला मुकादमबाईंची भानगड सांगितली.

नव्या हॉलमधल्या बायकांची एक जुनी मुकादम होती, ती काम सोडून गेली. तिला त्या 'मोठ्या बाई' म्हणायच्या. आता आमच्या मुकादमबाई दोन्हीकडे बघतात. पण त्या बायकांच्या तोंडात बसलेलं 'मोठ्या बाई' काही सुटत नाही. साबण संपला — "मोठ्या बाई!" रूळ अडकला — "मोठ्या बाई!" आणि आमच्या बाई पाठ करून उभ्या. ऐकू येतं, पण ओ देत नाहीत. म्हणतात, "मी कुणाची मोठी बाई नाही. मुकादमबाई म्हणायचं, नाहीतर बोलायचं नाही." काल चादर रुळात गुंडाळत चाललेली, तिकडून "मोठ्या बाई, मोठ्या बाई", आणि ही बाई छताकडे बघतेय! चादर गेली, हट्ट राहिला.

मी नक्कल करून दाखवत होतो. धाकटी हसत होती आणि हसता हसता थांबली.

"दादा, ती मशीनं कुणाला हाक मारतात?"

म्हटलं, काय?

"अरे, ऑफिसचा निरोप मशीनपर्यंत पोचत असेल. पण उत्तर? ऑफिस त्याच्या आडनावाचं नाही. परक्याला उत्तर द्यायचं तर ते आपल्या दरवानाच्या हाती देणार. त्याचा दरवान कोण? तुझा हा? याला ते कुठे ओळखतंय! ते जुन्या लॉन्ड्रीच्या दरवानाला हाक मारत बसलं असेल. आणि तो तर भंगारात गेला!"

जाणारा रस्ता आहे, येणारा नाही. मी म्हटलं, मग मशीनला सांगू, बाबा रे, दरवान बदलला. पण पासवर्ड नाही!

"मशीनला सांगायचं कशाला?" ती म्हणाली.

आणि मग आम्ही दोघं एकदमच बोललो — जुन्या दरवानाचं नाव आपल्याच दरवानाला!

तिनं सांगितलंय, मशीनचं बटण बराच वेळ दाबून धरलं की ते आपली सगळी माहिती लेबलवरच छापून देतं. त्यात दरवानाचा नंबर असतो. उद्या काकांच्या आधी जाऊन उभा राहतो दाराशी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दोनशे चोपन्न!

मशीननं पट्टी ओकली, त्यावर लिहिलेलं — एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, पाच, दोनशे चोपन्न. इतके दिवस बिचारं त्याच नावानं हाका मारत होतं, आणि आमचा दरवान 'एक' नाव लावून शेजारी उभा. आमच्या मुकादमबाईंसारखा!

फाइल उघडली, 'एक' खोडलं, 'दोनशे चोपन्न' लिहिलं. काकांना म्हटलं, एकदा खटका. काका म्हणाले, "तुझ्यामुळे माझा हात दुखायला लागला." पण ओढला.

ऑफिसात मालकांनी बटण दाबलं. मी भगदाडात उभा, एक डोळा इकडे, एक तिकडे. तिकडे मशीन गुरगुरलं. आणि लेबल! हॉस्पिटलचं पूर्ण नाव, वॉर्डाचा नंबर, तारीख — कोरं करकरीत, गरम गरम! नव्या हॉलमधल्या बायकांनी ते एकमेकींच्या हातात फिरवलं, नवं बाळ फिरवतात तसं.

तेवढ्यात हॉस्पिटलचा ट्रक आला. मग काय, श्वास घ्यायला वेळ नाही. दुपारी पलीकडून हाक आली — "मोठ्या बाई!" सगळे थांबले. बाईंनी छताकडे बघितलं. मग सुस्कारा टाकला. "काय गं? बोल."

मी धाकटीला तिथूनच मेसेज केला — आमच्याकडे आज दोन दरवान दुरुस्त झाले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मेसेज करायलाच नको होता.

आज फोनवर आधी नाचली. आईला ओरडून सांगितलं, आई म्हणाली "बरं झालं, जेवला का?" मग धाकटी एकदम हळू आवाजात म्हणाली —

"दादा, दोनशे छपन्न तू तोंडी केलंस. येणारा-जाणारा रस्ता तुला एका झटक्यात कळला. आणि तुला गणितात किती होते? शून्य."

मी म्हटलं, हो, येत नव्हतं.

"येत नसतं तर आठ मिळाले असते. बारा मिळाले असते. चुकूनमाकून एखादं उत्तर बरोबर येतंच. शून्य मिळवायला पेपर कोराच द्यावा लागतो!"

मी म्हटलं, पंखा बंद होता. घाम येत होता.

"दादा!"

म्हटलं, पेनातली शाई संपली.

"आता तर माझी खात्रीच पटली. एक पैसा घेणार नाही तुझा. एक पैसा!"

म्हणजे बघा, जितकं चांगलं काम करावं तितका मीच माझ्या विरुद्धचा पुरावा! लेबल छापलं नसतं तर पैसे नाहीत, आणि छापलं तर पैसे घेणार नाही. दगड असतो तर बरं झालं असतं. दगडाचे पैसे घेतले असते हिनं.

मी चिडून म्हटलं, मग बस झेरॉक्स काढत जन्मभर. आणि फोन ठेवला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

फोन नाही. मीही नाही केला. गाड्या इतक्या जोरात ढकलल्या की एकीचं चाक निखळलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

काकांनी विचारलं, "काय रे, तोंड का उतरलंय? नंबर पुन्हा गेला का?"

म्हटलं, नंबर आहे. येणारा रस्ता बंद आहे.

"मग लिहून ठेव कुठेतरी," म्हणाले. काकांना एवढंच तंत्र माहीत झालंय आणि ते सगळीकडे तेच लावतात.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मालकांनी शब्द पाळला. पंधरा! हातात! मुकादमबाई म्हणाल्या, "माझ्या पायाचे किती?" त्यांना चहा पाजला.

संध्याकाळी धाकटीचा फोन. तिचा! पहिलाच प्रश्न — "मिळाले का पैसे?"

मिळाले, म्हटलं. आणि तुला नकोयत ते माहीत आहे.

"तुझे नकोत. माझे हवेत. अर्धे माझे. डोकं माझं, बोटं तुझी. का? पाच दिवस फुकट राबले का मी?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! उपकार म्हणून तिला दमडी नको, आणि मजुरी म्हणून अर्ध्यावर हक्क सांगतेय!

"साडेचार माझ्याकडे आहेत, शिकवण्यांचे. साडेसात आले की बारा होतात. महिनाअखेरच्या आत कॉलेजात जाऊन भरते. झेरॉक्सवाल्याला नाही सांगते."

म्हणजे हिनं आधीच सगळं जुळवून ठेवलं होतं! कधी? रुसली होती तेव्हा? मी म्हटलं, पूर्ण पंधरा घे, शिकवण्यांचे राहू दे तुला —

"खबरदार! एक जास्त पाठवलास तर सगळे परत. रस्ता पाठ आहे त्यांना." मग म्हणाली, "आणि तुझ्या अर्ध्यातून बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरायचा. राहिलेल्या परीक्षेचा. गणितासकट."

मी म्हटलं, या वयात?

"वय काय झालंय रे तुझं? एवढी पळापळ करतोस ना, त्यातला एक तास बसून दाखव. नापास झालास तर तुझं खरं. तुला खरंच येत नव्हतं. मी जन्मभर माफी मागेन. पास झालास तर माझं खरं."

आणि फॉर्म नाही भरला तर?

"तर माझे अर्धेही परत येतील. बघ तू."

मागून आई — "आता तरी देतेस का मला?" दिला. आई म्हणाली, "भरून टाक रे तो फॉर्म. दोघांच्या भांडणात चार वर्षं मला कुणी फोन देत नाही."

२२ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर पलंगावर. नापास झालो तर भांडण जिंकलो. पास झालो तर हरलो. चार वर्षं टिकवून धरलेलं भांडण आहे, असं सहजासहजी हरायचं म्हणजे —

काकांना विचारलं असतं तर म्हणाले असते, लिहून ठेव.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

फॉर्म भरला. विषय : गणित. या वेळी कोरा नाही द्यायचा.

तिला पाठवतोय — सात हजार पाचशे.